डाव्या हाताच्या मुंग्या

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच रखमाजीराव, तालुक्याहून वेळात वेळ काढून आलेले डॉक्टरसाहेब, जिच्यासाठी आपण जमलो ती आपल्या उपकेंद्राची माउली, कौसर सिस्टर, आणि डिंभे पंचक्रोशीतील बंधू-भगिनींनो,

सिस्टरांबद्दल चार शब्द बोलायचा मान मला दिलात. 'गावातल्या एका मुलीची' गोष्ट सांगून खाली बसायचं, असं मी ठरवलं होतं. सकाळी घरून निघताना मुलगी म्हणाली, नाव घ्या माझं. मी तसाच निघालो. पण आता इथं 'गावातली एक मुलगी' म्हणायला जीभ रेटेना. ती मुलगी माझी, तेजस्विनी. तिला फेफरं येतं. झालं, बोललो एकदाचं.

फेफरं आलं की आपण काय करतो? नाकाला चप्पल लावतो. मीही लावली. पंच्याण्णव साली सिस्टर आल्या. त्यांनी आधी माझ्या हातातली चप्पल काढून घेतली आणि पोर शुद्धीवर आल्यावर तिला विचारलं, "बाळा, यायच्या आधी काय होतं गं तुला?" आम्ही आईबापांनी कधी विचारलं होतं का? डाव्या हाताला मुंग्या येतात, म्हणाली. सिस्टरांनी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की मुंग्या सुरू होताच तो हात जोरात चोळायचा, कधीकधी फेफरं तिथंच थांबतं. गोळी मात्र चुकवायची नाही. दर वेळी नाही, पण पुष्कळदा थांबायचं, मंडळी. पोर दहावी झाली.

आणि मी? चारचौघांत हात चोळला की डोळे वटारायचो. लोक काय म्हणतील! गेल्या वर्षी निरगुडसरचे पाहुणे तिला बघायला आले. चहाचा ट्रे घेऊन ती दारातच थांबली आणि ट्रे खाली ठेवायला वाकली. मला कळलं, मुंग्या. मी नजरेनंच दटावलं. तिनं ट्रे पुन्हा उचलला, आणि ट्रेसकट पडली. गरम चहा अंगावर. पाहुण्यांना मी सांगितलं, उपास आहे पोरीचा. शुद्धीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आबा, थांबलं असतं वो. तुमीच चोळू दिलं न्हाई." तेव्हापासून तिच्याकडे बघायची मला लाज वाटते.

सिस्टर, तुमचे आभार कोणत्या तोंडानं मानू? जुन्नरला सुखानं राहा. माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. पोरीशी जे वागलो, ते मात्र तिच्याशिवाय कुणी माफ करू नये.

तेजू, मागं बसू नकोस, पुढं ये. सिस्टरांना हा गुच्छ तुझ्या हातानं दे. आणि मधेच मुंग्या आल्या तर सगळ्यांदेखत हात चोळ, पोरी. गुच्छ मी धरतो.