गाडी जागेवरच आहे, मूठ मी काढली

मी, खाली अंगठा उठवणारी बाई, वय सत्तरीच्या पुढे (नक्की आकडा आईला ठाऊक होता, ती गेली), धंदा घरकाम, अजून सुटी नाही, राहणार पोलीस ठाण्यामागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व सून असे राहतो. मुलगा नोकरीसाठी परगावी असतो. पतींनी उभी हयात बस चालवली. निवृत्त झाल्यावर एक जुनी गाडी घेतली, ती दारात उभी असते.

गेल्या वर्षापासून ते विसरतात. आधी चष्मा, मग वार, मग जेवण झाले की नाही ते. गाडी चालवायला मात्र विसरले नाहीत. मागच्या महिन्यात त्यांनी ती फुटपाथवर चढवली. तिथे शिंपी मशीन घेऊन बसतो. त्याने उडी मारली म्हणून शिंपी आहे, मशीन नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितले. हे हो म्हणाले आणि दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत विसरले.

किल्ली लपवली तर घर डोक्यावर घेतात. सुनेने बॅटरीची वायर काढली, ती यांनी बोलता बोलता परत जोडली. म्हणून सोमवारी दुपारी, ते झोपलेले असताना, मी गिअरच्या दांड्यावरची मूठ काढली. बरणीचे झाकण फिरवतात तशी फिरवली, निघाली. मला वाटले, मुठीशिवाय गाडी हलत नसेल. समोरच्या मेकॅनिकने नंतर सांगितले की नुसत्या दांड्यावरही चालते. म्हणजे माझी युक्ती फसलीच होती.

पण संध्याकाळी हे गाडीत बसले, सवयीने हात टाकला, आणि तळव्याला नुसते लोखंड लागले. उतरले, दार हळूच लावले आणि मला म्हणाले, "ही आपली नव्हे गं. कोणीतरी चुकून लावून गेलंय. हात लावू नकोस, ओरखडा पडला तर बोलणी खावी लागतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी इथे गाडी चोरीस गेल्याची तक्रार दिली व गाडी धुणाऱ्यावर संशय सांगितला. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नाही. सदर गाडी जागेवरच आहे. ("सदर" हा शब्द हवालदारांचा, माझा नाही.) हवालदार पंचनाम्याला आले तेव्हा यांनी त्याच गाडीला टेकून चोरीची हकिकत सांगितली. हवालदारांना हसू आले. त्यांचा दोष नाही. पहिल्या दिवशी मीही हसले होते, स्वयंपाकघरात जाऊन.

मूठ रुमालात बांधून आणली आहे. तिच्यावरचे आकडे यांच्या हाताने पुसून गेले आहेत. घरात ठेवली तर ते शोधतील, आणि हातात आली की गाडी ओळखतील. तरी ती ठाण्यात जमा करून घ्यावी. तक्रार बंद करू नये. ते चौकशीला आले की शोध चालू आहे, एवढेच सांगावे. रोज येतील. बसायला खुर्ची द्यावी, गुडघे दुखतात त्यांचे.

साहेबांनी विचारले, "आजी, असं कधीपर्यंत सांगायचं?"

मी म्हटले, "ते विचारायला यायचे थांबतील तोवर."

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. अक्षर मला कळत नाही, पण कानाने ऐकला तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.