कडीकाकांचा तो एक मेमो

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आजी-माजी संचालक, आजचे सत्कारमूर्ती आणि आपणा सर्वांचे कडीकाका, पहिल्या रांगेत बसून घड्याळाकडे बघणाऱ्या काकू, आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ही पाच मिनिटं काकांकडे मागितली असती, तर त्यांनी आधी लिहून घेतलं असतं: कशासाठी बोलणार, किती वाजता थांबणार. आणि वेळ संपली की माइक आपोआप बंद.

हसताय, म्हणजे तुम्हीही लिहून दिलेलं आहे. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते. संगणकाला हजारो दारं असतात, आम्ही त्यांना पोर्ट म्हणतो. कुठलं दार कोणाला उघडायचं ते फायरवॉल ठरवते, आणि फायरवॉलनं काय ठरवायचं ते आमच्याकडे काका ठरवत. त्यांची एक जाड वही आहे. दार हवंय? वहीत लिहा. नंबर, कारण, सही. आठ दिवसांनी दार पुन्हा बंद. संचालकांच्या खोलीतला प्रिंटरही यातून सुटला नाही. अध्यक्ष महोदय, तुमच्या तीन सह्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

मी इथे रुजू झाले तेव्हा नदीच्या पाण्याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं. गणित एवढं मोठं, की ते सोळा सर्व्हरवर वाटून द्यावं लागे. प्रत्येकानं आपला तुकडा सोडवायचा आणि सारखं शेजाऱ्याला विचारायचं, तुझ्याकडे पाणी किती? आता गंमत अशी की हे विचारायला प्रत्येक सर्व्हर मिळेल ते दार धरतो. आज हे, उद्या ते. आणि प्रत्येकावर काकांचा पहारा. त्यामुळे सोळाही सर्व्हर एकमेकांची वाट बघत गप्प बसून राहायचे.

मी वहीपुढे जाऊन उभी राहिले.

"गणितबाई, दाराचा नंबर?"

"काका, तो आधी कळत नाही. काम चालू झालं की कळतो."

"मग चालू झालं की या."

"पण दार उघडल्याशिवाय चालूच होत नाही."

काकांनी चष्मा पुसला, "अवघड आहे" म्हणाले आणि डबा खायला गेले.

असं तीन आठवडे चाललं. मी घरी जाऊन नवऱ्यावर चिडायची. त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

मग तो सोमवार आला. नदीच्या वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता आणि दुपारी दोनच्या आत अंदाज हवा होता. काठावरची वस्ती हलवायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. काका रजेवर, दाताच्या डॉक्टरकडे. फोन उचलेनात. तोंड उघडून बसलेला माणूस फोन कसा उचलणार? सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडे होताच. मी सोळाही सर्व्हरच्या फायरवॉल बंद करून टाकल्या. गणित धावलं. पावणेदोनला अंदाज गेला, वस्ती हलली, आणि संध्याकाळी पाणी खरोखरच तिथे चढलं.

त्या आनंदात मी फायरवॉल पुन्हा चालू करायला विसरले. तीन दिवस.

गुरुवारी कळलं, बाहेरचं कोणीतरी आत येऊन गेलंय. काही नेलं नव्हतं, पण चौकशी बसली. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. हे माझ्या नावावर लागलं असतं, तर आज मी या माइकसमोर नसते.

चौकशीत वही मागवली. सोमवारच्या पानावर नोंद होती: "सोळा सर्व्हर, सगळी दारं. कारण: पूर. परत बंद करायचं माझ्याकडून राहिलं." खाली काकांची सही. त्या वहीवर शंका घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. दाताचा डॉक्टर कोणाला आठवला नाही. मेमो काकांना मिळाला.

मी काकांना गाठलं. हे काय केलंत? ते म्हणाले, "तुम्ही तीन आठवडे दार मागत होतात आणि मी नंबर मागत बसलो. थोडं माझंही चुकलंच की. आता मी इथे आहे तोवर हे कोणाला सांगायचं नाही." मग आम्ही दोघं बसलो. गणिताला बजावलं, या शंभर दारांपलीकडे जायचं नाही. फायरवॉलला सांगितलं, ही शंभर दारं फक्त या सोळाजणांनी आपसात वापरायची. अर्ध्या तासाचं काम. तीन आठवडे आम्ही निव्वळ भांडत होतो.

मघाशी एका वक्त्यांनी काकांचा तो मेमो वाचून दाखवला. एकतीस वर्षांत एकच, म्हणून सगळे हसलो. मीही हसले, आणि मला लाज वाटली. तो मेमो माझा आहे.

काकांची नोकरी आज पाच वाजता संपली. आता सव्वापाच झालेत, म्हणजे माझं वचन मी पुरतं पाळलं आहे.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. काका, त्या सोमवारचंही घाला. आणि अध्यक्ष महोदय, तो मेमो काकांच्या नावावरून काढून माझ्या नावावर लावावा, असं मी पाच वाजल्यावर वहीत लिहिलं आहे. नंबर आहे, कारण आहे, माझी सही आहे. फक्त तुमची राहिली आहे.