रुमालाखाली दाबलेलं बटन

राजनंदिनी : पण काका, फोनवर रुमाल काहून टाकला तुम्ही?

ग्यानबा : मंग? पारावर चार मान्सं बसलेली. शेळीचा भाव उघड्यावर करू का? जवळ्याच्या बाजारात बी रुमालाखालीच बोटं धरून भाव सांगतेत. रुमाल काढला, हातावर हात मारला, की मंग सौदा.

राजनंदिनी : आमच्या जनावरांच्या ॲपमध्ये बोट लागलं की सौदा.

आशाबाई : आन् हट्ट्याहून टेम्पो निघाला! माझ्या गाभण चंद्रीला न्यायला!

ग्यानबा : म्या नुसता भाव काढून राहिलो होतो. इकायची कोनाला हाय? नंदे, ते 'विका' बटन आमच्या पोरीनं बनवलं म्हनून गावभर सांगत फिरलो म्या.

राजनंदिनी : मानसशास्त्र आहे त्यामागं, काका. अंगठा सहज पोचतो तिथं मोठं हिरवं 'विका'. डोकं विचार करायच्या आधी बोट...

ग्यानबा : आन् 'नको'?

राजनंदिनी : वरच्या कोपऱ्यात. फिकट.

ग्यानबा : काहून?

राजनंदिनी : तिथं अंगठा पोचत नाही.

ग्यानबा : म्हंजी मुद्दाम! पुण्याला शिकाया धाडलं, आन् तू माझ्या अंगठ्याचा अभ्यास केला?

राजनंदिनी : तुमच्या एकट्याच्या नाही. सगळ्यांच्याच.

आशाबाई : घ्या! साऱ्या महाराष्ट्राच्या अंगठ्यावर टपून बसली. भांडन मंग करा. आधी ते रद्द कर.

राजनंदिनी : करतेय. हे बघा.

ग्यानबा : हे काय लिवलंय? 'सौदा मोडून स्वतःचं नुकसान करून घ्यायचं?' आन् खाली, 'हो, मला नुकसानच आवडतं.' कोन्या शहान्यानं लिवलं?

राजनंदिनी : मी. नुकसानाचं नाव काढलं की माणूस मागं फिरतो.

ग्यानबा : आमी तीन पिढ्या कोरडवाहू करून राहिलो. नुकसानाला भिऊन कोन फिरतंय हितं? दाब!

राजनंदिनी : दाबलं. आता कारण विचारतंय. 'भाव कमी वाटला.' हे नको, समोरचा भाव वाढवतो आणि टेम्पो येतोच. दुसरं, 'जनावर मेलं.'

आशाबाई : आन् 'इकायचीच नव्हती' कुठंय?

राजनंदिनी : ते... नाही ठेवलं.

आशाबाई : काहून गं?

राजनंदिनी : असं कुणी म्हणेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आशाबाई : टेम्पो फाट्यावर आला असंल, बाई.

राजनंदिनी : काका, 'जनावर मेलं' दाबा. त्यानंच सौदा मोडतो.

ग्यानबा : दाबतो. थांब, आधी चंद्रीला मागं बांधून येतो. तिच्यादेखत नको.