बाई, मोजू नका

— नाव कमी करा म्हणजे काय, बिराप्पा आबा? हजेरीतलं नाव आहे ते, पाटीवरचं नाही, थुंकी लावून पुसायला. बसा आधी. जमिनीवर कशाला, खुर्ची बसायलाच आहे — माझी आहे म्हणून काय झालं? रंगू कुठंय? लिंबाखाली? नातीला तिच्याच शाळेत दाराबाहेर उभी केलीत? आत… नको. राहू दे. नका बोलावू आत.

तर अर्ज. लिहिते मी, तुम्ही अंगठा द्या, झालं. तुम्हा म्हाताऱ्यांचं हेच बरं असतं, पोराच्या जन्माचं वाटोळं करायचं आणि वर अंगठा द्यायचा. — रागावू नका. रागावा, काय व्हायचं ते होऊ दे. दोन वर्षं झाली मला या वस्तीवर येऊन, रहिमतपूर सोडून, आणि दोन वर्षं मी तुमच्या तोंडून एकच ऐकतेय — पोरीच्या जातीला काय करायचंय, बाई, मेंढरामागंच जायचं हाय. आबा, दुसरीतली पोरगी ती! अख्खं पुस्तक वाचते, अडखळत नाही. हजेरी घ्यायच्या आधी नुसती नजर फिरवून मला सांगायची, बाई, आज बिरदेव आला न्हाई, आन् शालूची धाकटी न्हाई. चाळीस पोरांत! मी कागदावर खुणा करून जे शोधते ते तिला चेहऱ्यावरनं कळायचं. कुणाकडनं शिकली? तुमच्याकडनंच की. तुम्ही नाही का संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी उभे राहता, आणि त्या जाळ्याच्या कुंपणात मेंढरं आत जाताना सांगता — ती कान फाटकी मागं राहिली. न मोजता. माहितीय मला. तुमच्याकडं मेंढरं मोजत नाहीत हे आता माहितीय.

तेव्हा नव्हतं माहिती. — नाही, खोटं कशाला बोलू? होतं. तिनंच सांगितलं होतं.

सांगलीला आमचं प्रशिक्षण झालं ना, श्रावणात, तिथं एक साहेब म्हणाले, मुलाच्या घरातलं शिकवा, त्याच्या डोळ्यासमोरचं शिकवा. मला इतकं पटलं! रंगू वीसच्या पुढं जातच नव्हती, चिंचोके मोजताना कंटाळायची. म्हटलं, चिंचोक्यांत काय आहे तिचं? आले, फळ्यावर मेंढरं काढली. किती गं रंगू? गप्प. तुमची घरची किती? गप्पच. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आजा मोजू देत न्हाई, दिष्ट लागती. आणि मी हसले. सगळ्या वर्गासमोर हसले, आबा. माझी आजी म्हणायची, सांजचं नखं काढू नये. मी मुद्दाम सांजचीच काढायची, तिच्या पुढ्यात बसून. काय झालं मला? काही झालं नाही. म्हणून मला वाटलं… जाऊ दे. मला काय वाटलं ते या अर्जात कुठं लिहायचंय?

तुम्ही बाजाराला गेला होता त्या दिवशी. मी आले तुमच्या मेंढरांच्या वाड्यावर. वाघर एका बाजूनं उचलली, रंगूला माझ्यापुढं उभी केली, आणि एकेक मेंढरू बाहेर सुटेल तसं — एक, दोन, तीन. आधी ओठ हलवायची नुसती. मग आवाज फुटला. वीस झाले, एकवीस झाले, मी हात धरलेला, आणि मग माझा हात सोडूनच दिला तिनं! एकोणतीस म्हणजे तिला डोंगरच, पण चढली. त्रेसष्ट. त्रेसष्ट म्हणाली आणि त्या पडीक रानात गोल गोल पळाली, त्रेसष्ट, त्रेसष्ट, परकर उडतोय, कुत्रं मागं भुंकतंय. इतकी आनंदी पोर मी आयुष्यात पाहिली नाही. डी.एड.ला दोन वर्षं घासली ती ह्याच्यासाठी, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी तुमची मेंढरं पडायला लागली.

पावसानंतरचा कोवळा पाला खाल्ला, पोटं फुगली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला — रोग आहे तो, लसीची सुई टोचलेली नव्हती. दोन दिवसांत बावीस… बघा, मोजलंच मी परत. मोडतच नाही खोड. पण रोग होता, आबा! शेजारच्या हरिबाची पण मेली. त्याची कुणी मोजली होती? सांगा ना. त्याच्या वाड्यावर तर मी गेलेसुद्धा नव्हते.

हे तुम्ही तिला सांगा. एवढंच मागतेय मी. मी सांगून पाहिलं — माझं ऐकत नाही. का ऐकेल? परवा प्रार्थनेला पोरं रांगेत उभी केली, आणि सवयीनं मी पहिल्याच्या डोक्यावर हात ठेवून एक, दोन, असं सुरू केलं. तर मागनं किंचाळली. रंगू. जी पंधरा दिवस शाळेत एक शब्द बोलली नव्हती. धावत आली, माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणते — बाई, पोरं मोजू नका. मरत्याल.

सात वर्षांची आहे ती, आबा.

तुम्ही एकदा म्हणा तिला, रंगे, तुझ्यामुळं न्हाई मेली. तुमचं ऐकेल. मान खाली का घालताय? माझ्याकडं बघा. म्हणजे तुम्हालाही तसंच… मोजल्याचं आठ दिवस तुम्हाला सांगितलं नाही म्हणून राग आहे का तिच्यावर? लपवलं म्हणून? तर मग ऐका. आजाला सांगू नको, असं मी सांगितलं होतं. मी. आपल्या दोघींचं गुपित म्हटलं, हसत हसत. तुमची कटकट नको म्हणून. ती बावीस मेंढरं तुम्ही पुरत होता आणि ती पोरगी तोंड दाबून उभी होती, कारण बाईनं सांगितलं होतं बोलायचं नाही. आता कळलं, आत का बोलावू दिली नाही ते? मला तिच्या तोंडाकडं बघवत नाही.

— झाला अर्ज. कारण, घरगुती अडचण. सगळ्यांचं हेच लिहितात. त्या ओळीत माझं नाव लिहायला पाहिजे होतं, पण अशी पद्धत नाही. हे शाईचं पॅड, अंगठा इथं… पॅड मागं का सरकवताय? नको? मग कशाला आलात? — पेन? पेन काय करताय घेऊन? आबा, द्या इकडं, निब मोडेल…

आधी रेघ ओढताय तुम्ही.

अक्षरांच्या आधी रेघ — वाघर ताणल्यासारखी, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग एकेक अक्षर आत. बि. रा. ह्या शाळेत अशी आधी रेघ एकच पोर ओढते. मी शंभरदा सांगितलं, अक्षर आधी, तर म्हणायची, न्हाई बाई, आत घेतल्यावर पळून जात न्हाईत. कधी शिकवलं तिनं तुम्हाला? मेंढरामागं? धुळीत, काठीनं? — आणि तुम्ही बसलात शिकत? तुम्ही?

पूर्ण करा. नको, करू नका. तेवढंच राहू दे. अर्ध्या सहीचा अर्ज पुढं जात नाही.

पेन ठेवा तिथं. जावा, आबा. ऊन चढायच्या आत जावा. — अर्जाचं मी बघते म्हटलं ना. जावा.