उसनं कीर्तन

आयेशा : अज्जी, नुसतं 'हो' म्हणायचंय. सही नको, अंगठा नको. तुम्ही हो म्हणालात की मी इथूनच ई-मेल पाठवते.

गौरम्मा : हो म्हनायला तोंड उघडावंच लागतंय की, पोरी. आधी नीट सांग. आमच्या मालकांच्या, शास्त्र्यांच्या क्यासेटचं तुमी काय करनार?

शरणप्पा : वहिनी, किती वेळा सांगायचं तिनं?

गौरम्मा : अण्णा, तुमी वाचनालयाचे ग्रंथपाल. येक पुस्तक धा येळा वाचता. मला येकदाच ऐकून कसं कळंल?

आयेशा : सांगते की. इंटरनेटवर विकिपीडिया म्हणून ज्ञानकोश आहे. मी त्यात मराठीत लिहिते. माझ्यासारखे पुष्कळ जण लिहितात, कुणालाच पगार नाही. आता आपलं वाचनालय त्यांच्याबरोबर काम करतंय. इथलं जुनं जे जे आहे ते तिकडं ठेवायचं. मडिवाळप्पाशास्त्र्यांचं शिवकीर्तनसुद्धा. जगात कुणालाही ऐकता येईल.

गौरम्मा : आमच्या मैंदर्गी गावात बसून?

आयेशा : मैंदर्गीत, अमेरिकेत, कुठंही.

गौरम्मा : आनि पगार न्हाय कुनाला. म्हंजे सेवाच की ही. लई चांगलं. मग मगाशी तू 'पन' म्हनून गप का झालीस?

आयेशा : पण... त्यांची एक अट आहे, अज्जी. एकदा तिथं ठेवलं की ते सगळ्यांचं. कुणीही घ्यावं, कापावं, जोडावं. आणि...

गौरम्मा : आनि?

आयेशा : विकलं तरी चालतं.

शरणप्पा : लगेच कोण विकायला बसलंय, वहिनी! कीर्तन म्हणजे काय शेंगाचटणी आहे?

गौरम्मा : तुमी असं बोलता व्हय, अण्णा? तुमाला ठावं असून?

आयेशा : काय ठाऊक असून?

गौरम्मा : मैंदर्गीच्या मठात गुरूनी त्यास्नी इष्टलिंग तळहातावर घ्यायला लावून वचन घेतलं हुतं. कीर्तन इकायचं न्हाय. जितं कीर्तन, तितं पानीसुदिक घ्यायचं न्हाय. घरनं तांब्या भरून न्यायचे. वैरागला येकदा तांब्या कलंडला, तर घसा सुकला तरी तसंच उभं. आख्यान पुरं केलं आनि गावाबाहेरच्या हापशावर जाऊन पानी प्याले.

शरणप्पा : मी होतो बरोबर. हापसा मीच मारला.

गौरम्मा : मग? क्यासेटवाली कंपनी दारात आली हुती. पोरीचं लगीन तोंडावर. मी आतनं डोळ्यानं खुनावत हुते, घ्या म्हनून. तर हे इचारतात, मधी काय घालनार? तो म्हनतो, मशेरीची जाहिरात. हे म्हनले, बरं हाय की, देवाचं नाव घ्या आनि दात घासा!

आयेशा : मग ही कॅसेट कशी झाली?

शरणप्पा : ती वाचनालयासाठी. श्रावणात, याच हॉलमध्ये. शास्त्री म्हणाले, शरणप्पा, तुझ्या हितनं वस्तू उसनी जाते आणि परत येते. तुला देतो.

गौरम्मा : उसनं दिलंय ते. सोडून दिलेलं न्हाय.

आयेशा : मी त्यांना विचारलं, अज्जी. 'विकू नये' अशी अट घालू का? तशी अट असेल तर ते घेत नाहीत. मोकळं म्हणजे विकणाऱ्यालाही मोकळं. त्यांचंही बरोबरच आहे, त्यांनाही कुणाच्या दाराला कुलूप नकोय.

गौरम्मा : तेंचं बराबर, आनि आमचंबी बराबर. मग चुकतंय कुटं?

शरणप्पा : वेळ चुकतेय, वहिनी. सगळ्या कॅसेटी गेल्या पावसाळ्यात छत गळून गेल्या. ही एकच राहिली, तिलाही बुरशी. दुरुस्तीवाला म्हणाला, पट्टी एकदा चालेल, पुन्हा नाही. दिवाळीनंतर वाचनालयही बंद. हॉल कपड्यांच्या सेलला जातोय. तुम्ही हो म्हणा. पाप माझ्या माथी.

गौरम्मा : पाप वाटून घेता येत न्हाय, अण्णा. वाटायचा तो परसाद.

आयेशा : मग विकिपीडियाचं राहू द्या. मी तुमच्यापुरतं फोनमध्ये घेते.

गौरम्मा : फोन माझ्या नातवाच्या हातात असतोय. कुमारचं ब्यांजो पथक हाय. आधीच इचारून बसलाय, अज्जी, आज्जांचा आवाज दे की, खाली ढोल लावतो. पोरगं वाईट न्हाय. पन वरातीत वाजवंल.

आयेशा : मी ठेवते माझ्याजवळ. अल्लाची शपथ, कुणाला देणार नाही.

गौरम्मा : आनि जलमभर कुना ना कुनाला 'न्हाय' म्हनत बसनार? हे ओझं मी चाळीस वर्सं वाह्यलंय. तू लेकराबाळांची व्हनार हायेस. नको.

आयेशा : मग संपलंच ना सगळं! त्यांच्यावर मी लिहिलेला लेखही उडणार आहे. पुरावा नाही म्हणतात. कुठं छापून आलं नाही, कुठं आवाज नाही. माणूस होता, हेच कुणाला कळणार नाही.

शरणप्पा : रडू नको, बेटा.

आयेशा : रडत नाही मी. राग आलाय. मी तर त्यांना कधी ऐकलंसुद्धा नाही. सुरुवात कशी करायचे, तेही माहीत नाही.

गौरम्मा : सुरवात? 'शरणु शरणार्थी' म्हनायचे. मग इचारायचे, मागं ऐकू येतंय का? सगळ्यास्नी वाटायचं मंडळींना इचारत्यात. मी बसायची पार मागं, चपलांपाशी. घरचं मानूस म्होरं बसू न्हाय म्हनून. मी पदर सावरला की त्यास्नी कळायचं. मग टाळ वाजायचा.

आयेशा : आणि नाही सावरला तर?

गौरम्मा : येकदा भांडन झालं हुतं आमचं. तीनदा इचारलं बघ त्यांनी! लोक म्हनायला लागले, शास्त्रीबुवा, भिंतीलासुदिक ऐकू आलं आता.

शरणप्पा : मग काय ठरलं, वहिनी? हो?

गौरम्मा : न्हाय. लावा ती क्यासेट.

शरणप्पा : आता? नुसतीच? अहो, एकदाच चालणार आहे ती.

गौरम्मा : ही पोरगी मागायला आली, ऐकायला कुनी दिलंच न्हाय तिला. उसनं हाय ते. तिला ऐकू द्या, मग जाऊ दे जिथलं तितं. आयेशा, फोन बंद कर. चपला काढ. बस. कीर्तन हुबं ऱ्हाऊन ऐकू न्हाय.

आयेशा : बसले. अज्जी, तुम्ही एवढ्या मागं का? इकडं पुढं या ना.

गौरम्मा : हितंच बरं हाय.

(शरणप्पा टेप लावतात. बराच वेळ नुसती खरखर.)

टेप : ...शरणु... शरणार्थी, मंडळी. आज श्रावणातला सोमवार. मागं... मागं ऐकू येतंय का?

आयेशा : अय्यो, काय आवाज आहे!... थांबलं का? सर, थांबलं.

शरणप्पा : पट्टी गुंडाळली आत. थांब, ओढू नको... तुटली. गेली, वहिनी. टाळसुद्धा नाही आला.

आयेशा : अज्जी... माफ करा.

गौरम्मा : गप बसा जरा दोगं. त्यांनी इचारलंय.

शरणप्पा : वहिनी, टेप बंद आहे.

गौरम्मा : व्हय, ठावं हाय. चार लोकांत तोंडानं कवाच बोलले न्हाय मी... येतंय वो. मागं ऐकू येतंय.