लेटरगारची चूल

…नको गं, खुर्ची नको, हा दगडच बरा. खुर्चीत एकदा बसले की मला उठवत नाही. तू आधी चहा घे. आणि हा पाव घे, सकाळी भाजलाय, आज मनुका घातल्यात — शेवटचा दिवस म्हणून नाही हं, होत्या घरात म्हणून. काय म्हणालीस, खणलेल्यावर उद्या माती लोटणार? उद्याच? अगं, तीन आठवडे खणलंत म्हणजे काय! बटाट्याच्या दुष्काळात या गावातली माणसं उठून गेली, त्याला दीडशे वर्षं झाली, तेव्हापासून मेंढ्यांशिवाय लेटरगारला कुणी फिरकलं नाही, आणि तुम्हाला तीन आठवड्यांत सगळं समजलं? इथे गोठा, इथे बिछाने, इथे बटाट्याचे वाफे. हुशार आहात बाई. मी काही मुद्दाम नाही येत रोज. डॉक्टरने चालायला सांगितलंय. खुबा ठणकतो, तरी चालायचं म्हणे. मग चालायचंच तर सडक काय आणि डोंगर काय!

तो उत्तरेचा कोपरा — हो, माहीत आहे मला, चार बोटं माती आणि खाली कातळ. मला कसं माहीत? अगं, मी इथल्या पायथ्याचीच ना, मला नाही तर कुणाला असणार. बरं, ती पडकी भिंत, तिच्याखाली बघितलंत? नाही? मग बघा की! शेजारच्या कोल्मनला बोलावते मी, रेड्यासारखा आहे, ताटभर बटाटे घातले की दुपारपर्यंत भिंत उचलून ठेवील. परवानगी कसली लागते दगड उचलायला? हं. कागदावर आखलंय तेवढंच खणायचं. असू दे, असू दे. मी आपलं सहज विचारलं.

मेंढ्या आमच्याच असायच्या इथे. फेस्टीच्या — माझ्या नवऱ्याच्या. गेला तो, नऊ वर्षं झाली. काय सांगू तुला, बैल परवडला असा माणूस! बोलायचा म्हणून नाही. लग्नात त्याच्या काकाने बॉस्टनहून जाकीट पाठवलं होतं, निळं, पाच पितळी बटणांचं, प्रत्येक बटणावर जहाजाचा नांगर. साऱ्या पंचक्रोशीत कुणाकडे तसलं नव्हतं. लग्नात घातलं तेवढंच. वर्ष झालं नाही तोच जत्रेत विकलं आणि ते पैसे ढोसून आला — असं त्यानेच सांगितलं मला, तोंड वर करून. मग मीही सोडला नाही. रविवारी चर्चला निघाला की दारात उभी राहून म्हणायचे, अहो जाकीटवाले, बाटली कशी काय लागली होती? शेजारपाजारच्यांसमोर म्हणायचे. सदतीस वर्षं म्हणत होते. तो आपला खाली मान घालून चालू लागायचा.

हसू नकोस. म्हणजे हस, हसण्यासारखंच आहे ते.

त्या पांढऱ्या गारगोट्या गं, भिंतीलगत ओळीने सापडल्या त्या — तू परवा म्हणालीस, मुलांनी खेळायला आणल्या असतील. मुलांच्याच आहेत त्या. पण खेळायच्या नाहीत. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या लेकराला चर्चच्या जमिनीत जागा नसायची, फादर हात लावायचे नाहीत, मग बापाने न्यायचं, दिवेलागणीनंतर, अशा ओसाड जागी, आणि वर एक पांढरा दगड ठेवून यायचं. आईने जायचं नाही. आई बाळंतीण, चर्चमध्ये शुद्ध करून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि परत आलेल्या बापाला कुणी विचारायचं नाही. तशीच रीत होती, आणि आम्ही पाळायचो, मुकाट. ही सात दगडं कुणाकुणाची ते मी तुला नावानिशी सांगते. सातांत माझं नाही.

बावन्न सालच्या मार्चमधली गोष्ट. मुलगा होता. रडला गं, एकदा रडला, मी ऐकलं, सुईण म्हणाली नाही रडला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि फेस्टी त्याला घेऊन गेला. मी विचारलं. रीत नसताना विचारलं, कुठे ठेवलास? तर म्हणाला, उत्तरेच्या कोपऱ्यात. आणि पंधराव्या दिवशी मी कोळशाचं फावडं घेऊन वर आले — अंगात दूध होतं अजून — आणि खणलं. नखं तुटेस्तोवर खणलं. चार बोटांवर कातळ. तिथे मांजराचं पिल्लू मावलं नसतं! मग कुठे टाकलं माझं लेकरू? दलदलीत? खाली तळ्यात, ओझं लागलं म्हणून? मी घरी गेले, फावडं धुतलं, आणि त्याला विचारलं नाही. कधीच नाही. पण त्या दिवसापासून त्याला जवळही येऊ दिलं नाही, सदतीस वर्षं. तो मरताना माझा हात शोधत होता, आणि मी उशी सारखी करत बसले.

आता तू सांग. तुम्हाला सुईएवढंही सापडतं म्हणतात. तूच म्हणालीस ना, इथल्या मातीत हाडं राहत नाहीत, विरघळतात? मग कपडा? खिळा? काहीतरी राहतच असेल की! आणखी एक दिवस खण, पोरी. माझ्यासाठी खण. पाया पडते तुझ्या — पडते म्हणजे खाली वाकता येत नाही, पण पडले असं समज. उद्या तुम्ही माती लोटली की पुन्हा कोण येणार इथे? मी एकाहत्तरची आहे.

काय झालं? कुठे निघालीस? अगं, चहा सांडला तुझा…

ही पिशवी कसली? चुलीतलं? चुलीवरचा सपाट दगड उचललात तेव्हा? सोमवारी? मग सांगितलं का नाहीस — हं, अलीकडचं म्हणून. मधे कुणीतरी खड्डा करून परत दगड बसवलेला. तुमच्या कामाचं नाही म्हणून बाजूला ठेवलं. खोक्याचे खिळे आहेत हे, चहाच्या खोक्याचे असे असायचे. आणि हे — थांब, चष्मा. हिरवी पडलीत ही बटणं. पुस की जरा, तुझ्या बोटाने पुस. नांगर आहे ना गं? नांगरच आहे ना? मोज.

पाच.

जाकीट विकलं म्हणाला त्या दिवशी त्याच्या तोंडाला वास नव्हता दारूचा. मला तेव्हाच कळलं होतं वास नाही ते. जाकिटात गुंडाळलेल्या लेकरासाठी साऱ्या पडक्या घरात चूल शोधली त्याने, शंभर वर्षांपूर्वी विझलेली, पण चूल. आणि मला कोपरा सांगितला. का खोटं बोललास रे? — का काय, त्याला माहीत होतं. मी फावडं घेऊन जाणार, लेकराला उकरून काढणार, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. आणि सदतीस वर्षं दारात मी जाकीटवाले, जाकीटवाले… एकदा तरी म्हणायचं होतंस. एकदा ओरडायचं होतंस माझ्यावर.

नाही, मला नको ती. कागदात बांधून जिथे होती तिथे ठेव. दगड वर नीट बसव, डुगडुगता कामा नये. तुझ्या वहीत काय लिहायचं ते लिही. आता जा, ती लोकं हाका मारतायत तुला. पाव ने त्यांना. जा म्हटलं ना! मी बसते थोडा वेळ.