बांग

महेंद्र : थांब, थांब. तो ओसरीवरचा हुक्का परत दाखव.

शमिका : हा? सर, हा आमच्या चित्रकार मुलांचा फार लाडका आहे, आधीच सांगते.

महेंद्र : असेल. पण तुमचा हा कॉम्प्युटरवरचा खेळ पंधराशे पन्नासातला, आदिलशाहीतला. तंबाखू विजापुरात पोचायला अजून अर्धं शतक जायचंय. उचला तो.

शमिका : उचलला. आणि घरांवरचे घुमट?

महेंद्र : घराला घुमट कशाला गो? तिथे खलाशी राहतात, सुतार राहतात, घोड्यांचे दलाल राहतात. जांभ्याच्या भिंती आणि वर गवताचं उतरतं छप्पर. कोकणातलं बंदर आहे ते, पाऊस सगळ्यांच्या घरावर सारखाच पडतो.

शमिका : आमचा टीमप्रमुख ऋत्विक विचारणार, मग खेळणाऱ्याला कळणार कसं की हे मुसलमान वस्तीचं बंदर आहे?

महेंद्र : त्याला म्हणावं, रत्नागिरीत ये. आमच्या गल्लीत बाहेरून घर बघून कुणाचं कुठलं ते ओळखून दाखव.

शमिका : तुम्ही सल्लागार झाल्यापासून आमचं अर्धं बंदर पाडून झालंय, सर.

महेंद्र : कंटाळलात काय?

शमिका : मी नाही. पुण्यातल्या ऑफिसात बसून सगळे मंगळवारी मला चिडवतात, आज तुझा फारसीचा क्लास म्हणून.

महेंद्र : मला बरं वाटतं. कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला, पण एवढे प्रश्न कुणी विचारले नाहीत. बौद्धवाडीतला पोरगा फारसी शिकला म्हणून सत्कार झाले. काय वाचतोस, ते विचारायला मात्र कुणाला सवड नव्हती.

शमिका : घरी?

महेंद्र : बायको होती तोवर ती ऐकायची, रेणुका. कोळंबी सोलता सोलता मधेच विचारायची, मग त्या सुभेदाराचं काय झालं? आता ती नाही. मनस्वी नाशिकहून फोन करते, पण पोरीला माझ्या गोळ्यांचीच काळजी. असो. बाजारातून चालव मला जरा.

शमिका : चला. हा कापडवाला, ही मासळी. इथून डावीकडे वळलो की गोदी. अरे, पहारेकऱ्यानं बघितलं आपल्याला.

महेंद्र : हे काय वाजतंय?

शमिका : अलर्ट. आता आपल्या मागे लागतील ते.

महेंद्र : ते नाही. त्या ढोलाच्या खाली काय वाजतंय?

शमिका : अजान आहे. खेळणारा पकडला जाणार असला की ती सुरू होते, मग ढोल वाढत जातो.

महेंद्र : म्हणजे बांग ऐकू आली की पळायचं.

शमिका : हो. किंवा तलवार काढायची.

महेंद्र : बंद कर ते.

शमिका : केलं, सर.

महेंद्र : हे मला आधी का नाही ऐकवलंत?

शमिका : आवाज गेल्या आठवड्यातच बसवले. सर, ते माझ्या हातात नाही. ऋत्विक ठरवतो ते.

महेंद्र : आहे तो तिथे? बोलाव त्याला.

शमिका : आत्ता?

महेंद्र : आत्ताच.

ऋत्विक : नमस्कार, महेंद्र सर. शमिकानं सांगितलं मला. अजान त्या काळी होती ना हो?

महेंद्र : होती.

ऋत्विक : मग इतिहासाला धरूनच झालं की.

महेंद्र : दिवसातून पाचदा होती. ती झाली की कुणी दुकानाची फळी लावायचं, कुणी चूल पेटवायचं. तुमच्या खेळात त्या पाच वेळांना ती नाहीच. फक्त मारामारीला आहे.

ऋत्विक : कारण ती परिणाम करते. आम्ही मुलांना खेळायला देऊन बघितलंय. तो आवाज आला की ती पुढे सरकून बसतात. कुणाच्या धर्माला नावं ठेवायची नाहीत आम्हाला, मनातसुद्धा नाही.

महेंद्र : ते मान्य. वय काय त्या मुलांचं?

ऋत्विक : तेरा-चौदा.

महेंद्र : त्यातल्या कितीकांनी बांग नीट कान देऊन ऐकली असेल? ती पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकणार. पुढे कधीतरी मशिदीवरून जाताना छातीत धडधडलं, तर का धडधडलं तेही त्यांना कळायचं नाही.

ऋत्विक : सर, रागावू नका. हुक्का चूक की बरोबर, हे तुम्ही सांगायचं. खेळताना काय वाटावं, हे आम्ही बघतो. कामाची वाटणी आहे ही.

महेंद्र : मग सल्लागार म्हणून माझं नाव त्यावर नको.

ऋत्विक : नाव नको म्हणजे मग पुढच्या भागाचं कामही नाही. मंगळवारच्या या बैठका पण थांबतील. दोन दिवस घ्या, विचार करा.

महेंद्र : दोन दिवसांनी तरी काय वेगळं सांगणार मी? नाव काढा.

ऋत्विक : ठीक आहे. माझी दुसरी मीटिंग आहे. शमिका, तू बोल सरांशी.

शमिका : सर.

महेंद्र : बोल.

शमिका : गेला तो. एक विचारू? तुम्ही मुसलमान नाही, बांगेचं तुम्हाला एवढं का लागलं?

महेंद्र : शेजारच्या राजीवड्यातल्या मशिदीची बांग माझ्या खिडकीत येते. दिलावर होडेकर म्हणून माझा वर्गमित्र, त्याच्या पडवीत बसून मी अलिफ-बे गिरवलं. तो मस्कतला मुलाकडे गेला तो तिकडचाच झाला. इथे बांग देतो तो त्याचा धाकटा भाऊ. गळा काही खास नाही त्याचा, शेवटी खोकतो.

शमिका : रोज ऐकता?

महेंद्र : रेणुका गेली त्या वर्षी झोप पहाटेच उडायची. उठून करायचं काय? कुणाला हाक मारायची नाही की कुणाला चहा द्यायचा नाही. छपराकडे बघत पडून राहायचो. मग हा खोकायचा. वाटायचं, चला, आणखी एक माणूस जागं झालं. मग उठून चहा ठेवायचो. एवढंच आहे ते, शमिका. त्यात धर्मबिर्म काही नाही.

शमिका : हे ऋत्विकला का नाही सांगितलंत?

महेंद्र : ते त्याच्या कामाच्या वाटणीत बसणारं नव्हतं.

शमिका : मी बोलून बघते त्याच्याशी.

महेंद्र : नको. तुझी नोकरी आहे तिथे.

शमिका : बघते मी.

(काही आठवड्यांनी. साधा फोन, या वेळी पडद्यावर बंदर नाही.)

शमिका : सर, शमिका बोलतेय. जेवलात?

महेंद्र : हो गो, मघाशीच. बोल. आज फोन कसा काय केलास?

शमिका : निकाल सांगायला. मी बरीच भांडले. शेवटी वरच्यांनी काढायला लावली अजान. अलर्टला आता नगारा वाजतो.

महेंद्र : वा. बरं केलंस.

शमिका : पूर्ण ऐका. मी म्हटलं, मग ती तिच्या पाच वेळांना तरी ठेवू. माझ्या बाजूनं तयार पण केली होती. तर म्हणाले, नकोच, उगाच कुठे वाद व्हायचा. आता अख्ख्या बंदरात कुठेच नाही.

महेंद्र : कुठेच नाही.

शमिका : लाटा आहेत, घोडे आहेत, बाजाराचा गलका आहे. मशीद नुसती उभी आहे. मी काल एकटीच फिरून आले तिथून. विचित्र वाटलं.

महेंद्र : वाटणारच. पण पोरांच्या कानात भीती तरी नाही गेली.

शमिका : तुमचं नाव काढलं, सर. तेवढं त्यांनी ऐकलं. नवीन सल्लागार आहेत, ते फक्त मेलवर उत्तर देतात, दोन ओळींत. हुक्का परत आलाय.

महेंद्र : त्या मुलांचा लाडका होता ना तो.

शमिका : मला वाईट वाटतंय.

महेंद्र : तू का वाईट वाटून घेतेस? तू केलंस तेवढं कुणी करत नाही.

शमिका : मंगळवारी काय करता आता?

महेंद्र : बसतो. लॅपटॉप उघडतो, सवयीनं. तुमच्यासाठी घोड्यांचं काढून ठेवलं होतं सगळं. होर्मुझहून यायचे ते. ते विचारायचं तुमचं राहूनच गेलं.

शमिका : सांगा की. मी जिन्यात उभी आहे, पाच-दहा मिनिटं आहेत.

महेंद्र : अगो, खेळात लागायचं नाही आता ते.

शमिका : मला सांगा.

महेंद्र : बरं. तर बघ, डोलत्या जहाजात आठवडेच्या आठवडे उभे असायचे ते. किती तरी वाटेतच मरायचे. जे उरायचे ते वाळूवर उतरवले की त्यांना धड उभं राहता यायचं नाही. जमीन हलत नाही, याचीच सवय मोडलेली. मग मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, एकेकाच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा राहायचा. बोलायचा त्याच्याशी काहीतरी, तो सावरेपर्यंत.

शमिका : हे कागदपत्रांत आहे?

महेंद्र : मेले किती, विकले किती, ते आहे. हात ठेवायचा, ते मी आपलं धरून चाललोय. त्याशिवाय ते घोडे विजापूरपर्यंत चालले कसे असतील?

शमिका : आणि त्याची भाषा घोड्याला कळायची?

महेंद्र : हा प्रश्न रेणुकानं विचारला असता. त्याचं असं आहे, की तो मोतद्दार पण बहुतेक त्याच जहाजातून यायचा. म्हणजे त्या बंदरात त्याची बोली कळणारा तो घोडाच एक—

शमिका : सर, सॉरी. आतून हाक मारतायत मला. जावं लागेल.

महेंद्र : जा, जा. उरलेलं पुढच्या वेळी... बरं, ठेव तू.